नगरपरिषदेच्या प्रगती अहवालातले आकडे कसे तपासायचे आणि जोखीम नोंदवही कशी उभी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविका विचारतात की समितीपुढे येणाऱ्या प्रगती अहवालात पाणी, कचरा, वसुली, तक्रारी सगळंच नव्वद टक्क्यांच्या वर दिसतं. प्रभागातले लोक मात्र वेगळंच सांगतात. मग नगरपरिषद आपल्या सेवा नेमक्या कशावर मोजते? त्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा? आणि मुख्याधिकारी ‘जोखीम नोंदवही करायची आहे’ म्हणतात, ती काय असते?

ताई, माझी नोकरी नगरपरिषदांच्या लेखा आणि पाणीपुरवठा विभागांत गेली. असे अहवाल मी तयार केले आहेत आणि पुढे तपासलेही आहेत. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. अहवालातला आकडा कुणी, कुठे आणि कशाने मोजला हे सभेत कुणी विचारत नाही. आणि तो घसरला तर पुढे काय ओढवेल, हे त्या पानावर लिहिलेलं नसतं. पहिलं विचारायला लागलात की कामगिरी कळते. दुसरं लिहायला लावलंत की जोखीम नोंदवहीचा निम्मा भाग तयार होतो.

आधी आकडे येतात कुठून ते पाहू. शहरी सेवा मोजायची चौकट केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये दिली. सर्व्हिस लेव्हल बेंचमार्क हे तिचं नाव; कार्यालयात सगळे एसएलबीच म्हणतात. त्यात चार सेवांचे मिळून २८ निर्देशक आहेत: पाणीपुरवठ्याचे ९, मलनिस्सारणाचे ९, घनकचऱ्याचे ८ आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे २. प्रत्येकाला एक उद्दिष्ट आहे. पाणी माणशी रोज १३५ लिटर, तेही २४ तास. सगळ्या नळांना मीटर. महसूल न देणारं पाणी, म्हणजे उचललं पण ज्याचं बिल झालं नाही ते, २० टक्क्यांपर्यंतच. चालू मागणीची वसुली ९० टक्के. पाण्याच्या ८० टक्के तक्रारींचं ठरल्या वेळेत निवारण. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाचा काही भाग अशा उद्दिष्टांच्या प्रसिद्धीशी जोडला, तेव्हापासून नगरपरिषदा ही उद्दिष्टं नेमाने जाहीर करू लागल्या. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के वाटा बंधित केला, त्यातला अर्धा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी.

पैसा आकड्याशी जोडला की आकड्याचा स्वभाव बदलतो. कुणी मुद्दाम खोटं लिहीलच असं नाही. पण गेल्या वर्षीच्या तक्त्यात दोन-तीन टक्के वाढवून यंदाचा तक्ता भरणं सोपं असतं, आणि वरून विचारणारं कुणी नसेल तर तेच होतं. एसएलबीच्या पुस्तिकेत यावर एक चांगला उपाय आहे, पण फारसं कुणी त्याकडे लक्ष देत नाही. प्रत्येक निर्देशकाला विश्वासार्हतेची श्रेणी द्यायची असते, ‘ए’ पासून ‘डी’ पर्यंत. मीटरवर मोजून, नोंद ठेवून काढलेला आकडा ‘ए’. अंदाजाने काढलेला ‘डी’. तुमच्या समितीत पहिला आग्रह धरायचा तो याचाच. अहवालातल्या प्रत्येक टक्केवारीशेजारी तिची श्रेणी छापा म्हणावं. ‘पुरवठा माणशी ११० लिटर, श्रेणी डी’ असं वाचलं की चर्चाच बदलते.

पाण्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते आणि इथली चूक थेट लोकांच्या आरोग्यावर येते.

बऱ्याच नगरपरिषदांत उपसा विहिरीवर किंवा जलशुद्धीकरण केंद्रावर प्रवाहमापक नसतो, किंवा असतो पण बंद असतो. मग पाणी किती उचललं हे ठरतं पंपाच्या पाटीवरून. पाटीवर ताशी २०० घनमीटर लिहिलंय, लॉगबुकप्रमाणे पंप २० तास चालला, म्हणजे ४० लाख लिटर. लोकसंख्या ५०,००० धरली तर माणशी ८० लिटर. पण पंप दहा वर्षं जुना आहे, त्याचा इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) झिजलाय आणि तो प्रत्यक्षात ताशी १५० घनमीटरच उचलतोय असं समजा. मग पाणी ३० लाख लिटर झालं आणि माणशी ६०. आता बिलात धरलेलं पाणी २४ लाख लिटर असेल, तर पहिल्या हिशोबाने ४० टक्के पाणी हिशोबाबाहेर जातंय आणि दुसऱ्या हिशोबाने २० टक्के. पहिला आकडा बघून नगरपरिषद गळती शोधायला एजन्सी नेमेल, वितरण वाहिन्या बदलायचा कोट्यवधींचा प्रस्ताव पाठवेल. दोष पंपात आहे आणि तिथे कुणी गेलेलंच नाही. चुकीच्या जागी मोजलेला आकडा खर्चही चुकीच्या जागी करायला लावतो, तो असा.

मीटर येईपर्यंत हे तपासायचा जुना मार्ग आहे. जलकुंभाचा शहराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, पंप एक तास चालवायचा आणि टाकीतली पातळी किती चढली ते मोजायचं. टाकीचं आकारमान माहीत असतंच. तासाभराच्या कामात पंपाची खरी क्षमता कळते. अभियंत्यांना हे तुम्ही शिकवायची गरज नाही. ‘शेवटची चाचणी कधी घेतली होती’ एवढंच विचारा.

दुसरी गोष्ट क्लोरीनची. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरीन हवा, आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू मुळीच असता कामा नये. आपल्याकडे ओटी चाचणीची (पाण्यातला क्लोरीन पाहायची साधी चाचणी) नोंदवही रोज भरली जाते आणि बहुतेक पानांवर ‘योग्य’ असं लिहिलेलं असतं. नमुना कुठून घेतला ते पाहा. टाकीखालच्या पहिल्या गल्लीत क्लोरीन असणारच. तो संपतो तो वाहिनीच्या टोकाला, जिथे पाणी शेवटी आणि कमी दाबाने पोचतं. शिवाय आपला पुरवठा चोवीस तास नाही. पाणी बंद झालं की वाहिनीतला दाब उतरतो आणि जिथे जोड सैल आहे, जिथे नळजोडणी गटारातून नेली आहे, तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे पुरवठा सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं सर्वात धोक्याची असतात. नमुना अर्ध्या तासाने घेतला तर तो स्वच्छच दिसेल. म्हणून नमुन्यांची यादी तयार करताना टोकाची ठिकाणं, वस्ती गटारालगत आहे ती ठिकाणं आणि पुरवठा सुरू होतानाची वेळ, हे तिन्ही त्यात हवं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुईलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा हद्दीत नव्याने आलेल्या गावांच्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तुमच्या शहराची हद्दवाढ झाली असेल तर नव्या भागातल्या विहिरी, बोअर आणि टँकर भरण्याची ठिकाणं नमुन्यांच्या यादीत आहेत का, हे आजच विचारण्यासारखं आहे.

आणि सरासरी. माणशी ८० लिटर ही शहराची सरासरी झाली. टाकीजवळच्या प्रभागात १२० आणि टेकडीवरच्या वस्तीत ३० असेल तरी सरासरी सुंदर येते. अहवाल झोननिहाय मागा आणि त्यात सगळ्यात वाईट झोन पहिल्या ओळीत लिहायला सांगा. माझा अनुभव असा की एवढ्या एका बदलाने व्हॉल्व्हमनच्या वेळापत्रकापर्यंत सुधारणा पोचते, कारण टोकाला पाणी न पोचण्याचं कारण पुष्कळदा पाण्याची कमतरता नसून व्हॉल्व्ह किती फेरे आणि किती वेळ उघडला हे असतं.

तक्रारींकडे वळू. ‘९६ टक्के तक्रारी निकाली’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. तक्रार निकाली काढणं आणि तक्रारदाराचं काम होणं यात अंतर असतं. ‘संबंधितांना कळविले’, ‘निविदा प्रक्रियेत’, ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असे शेरे मारूनही तक्रार बंद होते. हे तपासायला संगणकप्रणाली बदलायची गरज नाही. दर महिन्याला बंद झालेल्या तक्रारींतून दहा-पंधरा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तक्रारदाराला फोन करा: काम झालं का? तो फोन त्याच विभागाच्या माणसाने करायचा नाही. त्या उत्तरांची टक्केवारी मूळ टक्केवारीशेजारी छापा. दुसरं, त्याच ठिकाणाहून तीन महिन्यांत पुन्हा आलेल्या तक्रारी वेगळ्या मोजा. एकाच चेंबरची चार वेळा आलेली तक्रार ही चार निकाली कामं म्हणून धरली जाते. खरं तर ते एक न झालेलं काम आहे. आणि ज्या भागातून तक्रारी येतच नाहीत तिथे सगळं ठीक आहे असं समजू नका. झोपडपट्टीतल्या बाईला टोल फ्री क्रमांक माहीत नसतो, किंवा पूर्वी दोनदा फोन करून काही झालं नाही म्हणून तिने नाद सोडलेला असतो. तिथे मुकादमाला आणि आशाताईंना विचारूनच माहिती मिळते. हे मी कळकळीने सांगतो, कारण तक्रारींच्या आकड्यावर कामाचं वाटप केलं की ज्यांना बोलता येतं त्यांचेच रस्ते आधी दुरुस्त होतात.

प्रमाणपत्रं, नाहरकत दाखले, नळजोडणी यांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. प्रत्येक सेवेला मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी आहे, दोन अपिलं कार्यालयात आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे होतं, आणि कसूर ठरल्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती आहे. इथला टक्का सहसा खरा असतो. फक्त ‘त्रुटी’ लावून परत पाठवलेले अर्ज किती आणि ते मुदतीच्या कोणत्या दिवशी परत गेले, हे मागा. शेवटच्या दोन दिवसांत त्रुटींचा ढीग दिसला तर त्याचा अर्थ उघड आहे.

कचऱ्यात छेदाचा घोळ असतो. ‘घरोघरी संकलन १०० टक्के’ म्हणजे कशाच्या शंभर टक्के? २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी घरांची संख्या २०११ वरून धरलेली असते. मालमत्ता कराच्या आकारणी नोंदवहीतल्या मिळकती मोजल्या तर छेद मोठा होतो आणि टक्का खाली येतो. ते खालचं उत्तरच धरा. घंटागाडीच्या ठेकेदाराला पैसे कशावर मिळतात तेही पाहा. टनावर मिळत असतील तर गाडीत माती आणि राडारोडा यायला लागतो. घरांवर मिळत असतील तर गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि क्यूआर कोड मात्र स्कॅन होतात. वर्गीकरणाची टक्केवारी कागदावर वाचण्यापेक्षा एकदा सकाळी डेपोवर जाऊन गाडी रिकामी होताना पाहा. ओला-सुका एकाच ढिगात पडत असेल तर स्वच्छता निरीक्षकांना तिथेच विचारता येतं.

मालमत्ता कराबद्दल थोडक्यात: वसुलीची टक्केवारी चालू मागणीवर आहे की थकबाकी धरून एकूण मागणीवर, हे आधी स्पष्ट करून घ्या, आणि न्यायालयात अडकलेली मागणी वगळली असेल तर ती रक्कम तळटीपेत लिहायला सांगा. वसुली मार्चकडे झुकलेली असते, म्हणून ऑगस्टची तुलना जुलैशी न करता गेल्या वर्षीच्या ऑगस्टशी करायची.

आता हे सगळं कुणी, केव्हा पाहायचं? इथे बहुतेक नगरपरिषदा एकच चूक करतात: सगळं महिन्याच्या अहवालात कोंबतात. क्लोरीन आणि पंपाचे तास रोज पाहायचे असतात, अभियंत्याने. उघड्या तक्रारी आणि बंद घंटागाड्या आठवड्याला, मुख्याधिकाऱ्यांनी. विषय समितीपुढे महिन्याला आठ-दहा निर्देशक पुरेत, पण मागच्या बारा महिन्यांच्या रेषेसकट. सर्वसाधारण सभेपुढे तिमाही चित्र. तांबडा-पिवळा-हिरवा रंग लावायचा असेल तर कितीला तांबडा हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवून इतिवृत्तात घ्यावं. आकडा हातात आल्यावर रंग ठरवायचा नाही. आणि तांबड्या ओळीपुढे ‘प्रयत्न सुरू आहेत’ हा शेरा स्वीकारू नका. काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत, आणि त्याला किती पैसे लागतील, हे चार शब्दांत आलं पाहिजे. आपल्याकडे अनेक नगरपरिषदांवर बराच काळ प्रशासक होते. त्या काळात कामं थांबली असं नाही, पण असा प्रश्न विचारायची सवय मोडली. ती परत लावणं हे तुमच्यासारख्या नव्या सदस्यांचं काम आहे.

जोखीम नोंदवहीकडे येऊ. कामगिरीचा अहवाल झालेलं सांगतो; जोखीम नोंदवही होऊ शकणारं सांगते. पण दोघींचा धागा एकच. पंपाची क्षमता तीन महिने उतरत असेल, तर कामगिरीच्या पानावर ते ‘पुरवठा घटला’ असं दिसतं आणि जोखमीच्या पानावर ‘उन्हाळ्यात पंप बंद पडून शहर चार दिवस पाण्याविना राहील’ असं. म्हणून मी या दोन नोंदी शेजारी ठेवायच्या मताचा आहे. स्वतंत्र फायलीत ठेवलेली जोखीम नोंदवही वर्षातून एकदा, तीही लेखापरीक्षक येणार म्हणून उघडते.

जोखीम लिहायची ती पूर्ण वाक्यात: कशामुळे, काय घडेल आणि त्याचा कुणाला किती फटका बसेल. ‘पाणीटंचाई’ ही जोखीम नव्हे, तो विषय झाला. ‘महावितरणची पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची थकबाकी सहा महिन्यांहून जास्त झाल्यामुळे पंपांची वीज तोडली जाईल आणि पूर्ण शहराचा पुरवठा बंद पडेल’ ही जोखीम झाली. या वाक्यातच उपाय दिसतो: पाणीपट्टीच्या वसुलीतून वीजबिलाचा वाटा आधी बाजूला काढायचा. पुढे आज कोणती खबरदारी आहे ते लिहायचं, ती धरून किती जोखीम उरते ते, जबाबदार अधिकारी पदनामाने, पुढची कारवाई आणि तारीख. आणखी एक रकाना मी आग्रहाने घालायला सांगतो, पूर्वसूचनेचा: ही जोखीम जवळ येतेय हे कोणत्या आकड्यावरून कळेल? वीजतोडीच्या जोखमीत तो आकडा थकबाकीचे महिने. तो आकडा महिन्याच्या अहवालात असलाच पाहिजे. असा आकडा सुचत नसेल तर जोखीम अजून नीट समजलेली नाही.

जगभर वापरली जाणारी सोपी पद्धत म्हणजे शक्यतेला १ ते ५ गुण, परिणामाला १ ते ५ गुण आणि दोघांचा गुणाकार. ती वापरा, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. रोज होणारी किरकोळ गोष्ट ५ गुणिले १ आणि क्वचित होणारी प्राणघातक गोष्ट १ गुणिले ५, दोघींचं उत्तर ५ येतं. यादी उतरत्या क्रमाने लावली की माणसं मारू शकणाऱ्या गोष्टी तळाला जातात. त्यामुळे ज्यात जीव जाऊ शकतो अशा जोखमी गुण कितीही असोत, पहिल्या पानावर वेगळ्या ठेवायच्या: क्लोरीनच्या टनरची (मोठ्या सिलिंडरची) गळती, धोकादायक इमारती, जाहिरात फलक, रुग्णालयं आणि मंगल कार्यालयांची अग्निसुरक्षा, उघडी मॅनहोल, सफाई कामगार गटारात उतरणं, नदीकाठच्या वस्त्या.

दोन उदाहरणं देतो. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळात महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. ४० बाय ४० फुटांची मर्यादा असलेल्या शहरात तो फलक त्याच्या कितीतरी पट मोठा होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी कुणाची लागते यावर दोन यंत्रणांत मतभेद. दोन खात्यांच्या मधल्या जागेत पडलेली जोखीम कुणाच्याच नोंदवहीत नसते, आणि म्हणून ‘जबाबदार अधिकारी’ हा रकाना कधीही मोकळा सोडायचा नाही. तुमच्या हद्दीत एसटी, रेल्वे, पाटबंधारे किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जागा असतील. तिथले फलक, भिंती, नाले यांची यादी आज कुणाकडे आहे?

दुसरं उदाहरण रायगडमधल्या महाडचं, तुमच्यासारख्याच नगरपरिषदेचं शहर. २४ ऑगस्ट २०२० ला तिथे पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. आपली धोकादायक इमारतींची पावसाळ्यापूर्वीची यादी मुख्यतः वयावर चालते. तीस वर्षांच्या पुढची इमारत म्हणजे संरचनात्मक तपासणी. वयाचा निकष ठेवावाच, पण भोगवटा प्रमाणपत्राविना वापरात असलेल्या इमारती, तडे किंवा गळतीच्या तक्रारी आलेल्या इमारती आणि तळमजल्यावर भिंती पाडून दुकानं काढलेल्या इमारती, या तीन याद्या त्याला जोडल्या पाहिजेत. त्यातल्या तक्रारींची यादी तुमच्याकडे आधीच आहे, फक्त ती बांधकाम विभागापर्यंत पोचत नाही. कामगिरी आणि जोखीम एका पानावर ठेवा म्हणतो ते याचसाठी.

अग्निसुरक्षेचंही असंच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. किती इमारतींनी दिलं आणि किती जणांना नोटीस गेली, हा आकडा फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या अहवालात मागा.

नोंदवही कोऱ्या पानावरून सुरू करू नका. तिचा कच्चा माल कार्यालयात पडून आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे प्रलंबित आक्षेप काढा; त्यांचं अनुपालन वर्षानुवर्षं झालेलं नसतं, आणि तोच आक्षेप पुन्हा पुन्हा येत असेल तर ती जोखीम सिद्ध झालेली आहे. न्यायालयीन प्रकरणांची यादी काढा आणि प्रत्येकात हरलो तर किती रक्कम द्यावी लागेल ते लिहा, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणं विशेषकरून. मुदत संपलेले आणि मुदतवाढीवर चालणारे ठेके काढा. पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणारे कर्मचारी काढा. शहरातल्या वाहिन्यांचा नकाशा एकाच जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो आणि तो निवृत्त झाला की कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे ते कुणाला सांगता येत नाही. ही मी पाहिलेली सगळ्यात खरी जोखीम आहे आणि ती क्वचितच कुठे लिहिलेली सापडते. एवढं केलंत तरी पंधरा-वीस नोंदी होतील. त्याहून जास्त करू नका. शंभर जोखमींची नोंदवही कुणी वाचत नाही.

नोंदवही असली म्हणजे संकट टळतं असंही नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिलना जोखीम नोंदवही, लेखापरीक्षण समिती, तिमाही अहवाल हे सगळं सवयीचं आहे. तरीही बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये कायद्याच्या कलम ११४ खालची नोटीस काढली, म्हणजे अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. कारणांत दोन मुख्य होती: महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाचे दावे आणि फसलेली नवी लेखा संगणकप्रणाली. समान वेतनाचा वाद तिथे २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला होता. सगळ्यांना माहीत असलेली जोखीम पैशांच्या निर्णयापर्यंत पोचली नाही तर काय होतं ते यातून दिसतं. आपल्याकडे हा निर्णय अर्थसंकल्पात होतो. म्हणून जोखीम नोंदवही जानेवारी-फेब्रुवारीत, अंदाजपत्रकाच्या सभेआधी समितीपुढे यायला हवी, आणि पहिल्या पाच जोखमींपुढे लेखाशीर्ष आणि तरतूद लिहिलेली हवी. राखीव पंपाला तरतूद नसेल तर ‘राखीव पंप घेणे’ ही कारवाई फक्त कागदावर राहते. दुसरी वेळ मे महिन्याची: नालेसफाई, धोकादायक इमारती, फलक, झाडं, पूररेषेतली घरं आणि निवाऱ्याची शाळा. नालेसफाईचा टक्का लांबीवर न मागता काढलेल्या गाळाच्या वजनकाट्याच्या पावत्यांवर मागा आणि गाळ काठावरच पडून आहे का ते पाहून या.

अधिकारी सुरुवातीला कचरतील, कारण आजवर खालचा आकडा दाखवणाऱ्याला सभेत बोलणी खावी लागली आहेत. इथे तुमच्या वागण्यावर बरंच अवलंबून आहे. ज्या विभागाने आपला टक्का ९५ वरून स्वतःहून ७० वर आणला आणि कारण सांगितलं, त्याचं सभेत नाव घेऊन कौतुक करा आणि ते इतिवृत्तात येऊ द्या. जो विभाग सहा महिने सलग तोच आकडा देतो त्याला प्रश्न विचारा. मी पाहिलंय की असं दोनदा झालं की बाकीचे विभागही खरे आकडे आणायला लागतात.

सुरुवात एकाच सेवेने करा, पाण्याने. पुढच्या समिती सभेसाठी एक पान मागा: झोननिहाय माणशी लिटर, पुरवठ्याचे तास, टोकाच्या नळावरचा क्लोरीन, पुन्हा आलेल्या तक्रारी, वीजबिलाची थकबाकी किती महिन्यांची, प्रत्येकाशेजारी विश्वासार्हतेची श्रेणी, आणि खाली तीन जोखमी जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामासकट. ते पान माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर स्वतःहून टाकता येतं, त्यासाठी कुणाच्या अर्जाची वाट पाहावी लागत नाही. नमुन्याचा तक्ता हवा असेल तर तुमच्या शहरात जलकुंभ किती आणि झोन किती आहेत ते कळवा, त्याप्रमाणे रकाने करून देतो.